घरांतील डास आणि कोरडा वार

कडुनिंबाच्या धुरानें डास कांहीं वेळ दूर पळतात. त्यांची उत्पत्ति मात्र थांबत नाहीं. डेंग्यू पसरविणारा डास दिवसां चावतो व घरांतल्या सांचलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. त्याची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर अंगाला अंडीं घालते. तीं कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नाहीं. अंड्याचा डास होण्यास साधारणपणें ७ ते १० दिवस लागतात. तेव्हां आठवड्यांतील एक वार ठरवून पिंपें, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या बशा हीं सारीं भांडीं काथ्यानें आंतून घासावीं, उन्हांत वाळवावीं आणि मगच भरावीं. मोठ्या टाकीवर घट्ट झांकण असावें. डेंग्यूवर हमखास औषध नाहीं. लेंकरांचें रक्षण या एका वारीं होतें.