वाटाणा, गाय आणि एक हट्टी प्रथिन

वाटाणा आणि गाय यांचा समाईक पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. तरीही दोघांच्या हिस्टोन एच-४ या प्रथिनातल्या १०२ अमिनो आम्लांपैकी फक्त २ वेगळी आहेत. कुणी म्हणेल, या जनुकात बदलच होत नसावेत. पण जनुकाची अक्षरे भरपूर बदलली आहेत. टिकले ते मुख्यतः अमिनो आम्ल तेच ठेवणारे बदल. बाकीचे नैसर्गिक निवडीने गाळले. कारण रचनेत आहे. आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएच्या अक्षरांच्या सुमारे १४७ जोड्या गुंडाळलेल्या असतात; एच-४ एकाच वेळी डीएनएला आणि शेजारच्या हिस्टोनांना बिलगलेले. हलायला जागा कुठली? केंद्रक नसलेल्या आर्किया या सूक्ष्मजीवांतही हिस्टोनांचा हाच गाभा सापडतो, बहुतेकदा गाभ्याबाहेर लोंबणाऱ्या शेपटीविना. जनुके चालू-बंद करणाऱ्या कितीतरी रासायनिक खुणा गुंतागुंतीच्या पेशींत उमटतात त्या नेमक्या या शेपटीवर.