पाण्यांत पडलेला पतंग पुन्हां कसा उठतो?

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरून उडविलेला पतंग गोता खाऊन तळ्यांत पडला, कीं त्याची कथा तेथेंच संपते. कागदाचा लगदा होतो, कामट्या सुटतात आणि उडविणाराच्या हातीं मांजा तेवढा उरतो. परंतु आज जगांतील अनेक किनाऱ्यांवर, आणि गोव्यांत मोरजीच्या किनाऱ्यावरहि, एका निराळ्याच जातीचा पतंग पाहावयास सांपडतो. त्याचें क्षेत्रफळ दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहानशा खोलीएवढें असतें. त्याच्या दोऱ्या एका मनुष्याच्या कमरपट्ट्यास अडकविलेल्या असतात. तो मनुष्य आंखूड फळीवर पाय रोवून उभा असतो आणि पतंगाच्या ओढीनें लाटांवरून धांवत असतो. या खेळास काइटसर्फिंग असें म्हणतात.

हा पतंगहि पाण्यांत पडतो. नवशिक्याचा तर वारंवार पडतो. पण तो तेथें संपत नाहीं. किनाऱ्यापासून दूर, पायांस तळ न लागणाऱ्या पाण्यांत तरंगत असलेला एकटा मनुष्य, कोणाचीहि मदत न घेतां, तो ओला पतंग पुन्हां आकाशांत चढवितो. पाहणारास ही कसरत वाटते. वस्तुतः ती कसरत नसून या खेळाचा पायाच आहे. आणि तिचें मर्म बळांत नाहीं, धीरांत आहे.

पतंग ओढतो, तर त्या ओढीवर वाहन कां चालवूं नये, ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं जॉर्ज पोकॉक नांवाचे एक शाळामास्तर होते. पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट त्यांनीं १८२६ सालीं घेतलें. त्या काळीं टोलनाक्यावर घोड्यांच्या संख्येप्रमाणें कर पडे; मास्तरांच्या गाडीस घोडाच नसल्यामुळें ती फुकट सुटे, असें सांगतात. पुढें १९०३ सालीं सॅम्युएल कोडी यांनीं पतंगानें ओढलेल्या होडींतून इंग्लिश खाडी ओलांडली. १९७७ सालीं हॉलंडांत, फळीवर उभें राहून पतंगाच्या ओढीनें पाण्यावरून जाण्याच्या युक्तीचें पेटंटहि झालें. तथापि खेळ कांहीं रूढ झाला नाहीं. कारण एकच होतें. जमिनीवर पतंग पडला तर गाडीवरून उतरून तो उचलतां येतो. समुद्रांत पडला तर तो उचलणार कोण? एकदां पडला कीं परत पोहत येणें, एवढाच मार्ग उरे.

ही अडचण दोन ठिकाणीं, दोन तऱ्हांनीं सुटली. अमेरिकेंत कोलंबिया नदीच्या वाऱ्याळ खोऱ्यांत बिल व कोरी रोझलर या पितापुत्रांनीं ताठ सांगाड्याचा पतंग केला आणि हातांतील दांड्यावरच दोरी गुंडाळण्याचें रहाट बसविलें. पतंग पडला कीं दोरी गुंडाळून तो जवळ आणावयाचा व पुन्हां सोडावयाचा, अशी ती योजना होती. तिकडे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत ब्रूनो व दोमिनिक लेगेन्यू या बंधूंनीं सांगाडाच काढून टाकला व त्याच्या जागीं हवा भरली. त्यांचें पेटंट १९८४ सालच्या नोव्हेंबरांतील आहे. परंतु त्या तत्त्वावरील त्यांचा पतंग बाजारांत गाजूं लागला तो १९९७ च्या सुमारास. आजचे बहुतेक समुद्री पतंग याच दुसऱ्या घराण्यांतले आहेत.

या पतंगाची रचना समजली म्हणजे अर्धें कोडें उलगडतें. त्याची पुढची कड म्हणजे एक जाड, धनुष्याकृति रबरी नळी असते व तिच्यावर मजबूत कापडाचें वेष्टण असतें. तिच्यापासून मागें अशाच कांहीं बारीक नळ्या गेलेल्या असतात. किनाऱ्यावर हातपंपानें या नळ्यांत हवा भरली, कीं त्या लांकडासारख्या ताठ होतात. यामुळें दोन गोष्टी साधतात. एक, पतंग बुडत नाहीं. दुसरी, पाण्यावर पडल्यावरहि त्याची कमान मोडत नाहीं. पुढची कड पाण्यावर टेकून तो उपड्या सुपासारखा बसतो आणि त्याच्या कापडास वारा लागतच राहतो. त्याच्या दोऱ्या चार असतात व त्यांची लांबी साधारणपणें वीस ते पंचवीस मीटर असते. पुढच्या दोन दोऱ्या मुख्य भार वाहतात आणि कमरपट्ट्यास जोडलेल्या असतात. मागच्या दोन दोऱ्या पतंगाच्या दोन टोंकांपासून निघून हातांतील दांड्याच्या दोन टोंकांस येतात. त्या बैलाच्या कासऱ्यांसारख्या वळविण्याच्या कामीं येतात. दांडा जवळ ओढला कीं ओढ वाढते, दूर सारला कीं ओढ कमी होते.

आतां वाऱ्याकडे वळलें पाहिजे. वारा ज्या दिशेस वाहत जातो त्या दिशेस तोंड करून मनुष्य उभा आहे, असें समजावें. त्याच्यासमोर एका प्रचंड घड्याळाच्या तबकडीचा वरचा अर्धा भाग उभा आहे, अशी कल्पना करावी. बाराचा आंकडा थेट डोक्यावर, नऊचा डाव्या हातास क्षितिजापाशीं आणि तीनचा उजव्या हातास. दोऱ्यांची लांबी ठरलेली असल्यामुळें पतंगास या तबकडीच्या आंतच फिरावें लागतें. मात्र सर्वच जागीं त्याची ओढ सारखी नसते. बारावर तो शांतपणें लोंबकळतो. नऊपाशीं व तीनपाशीं, म्हणजे अगदीं कडेला, त्याची ओढ थोडी असते. परंतु समोर, तबकडीच्या मध्यभागीं, तो वाऱ्याच्या पूर्ण माऱ्यांत सांपडतो व तेथें त्याची ओढ सर्वांत जबर असते. पडलेला पतंग बहुधा नेमका याच मध्यभागाच्या तळाशीं, तोंड पाण्यांत खुपसून बसलेला असतो. म्हणून तेथूनच त्याला सरळ वर उठविणें धोक्याचें, आणि कडेला नेऊन उठविणें शहाणपणाचें.

हा धोका किती मोठा, हें साध्या हिशेबानें कळण्यासारखें आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दर सेकंदास ५ मीटर वेगाचा वारा १० चौरस मीटरांच्या स्थिर पतंगास ढोबळमानानें १५ किलोग्रॅम वजनाइतकें ओढतो. वेग दुप्पट, म्हणजे १० मीटर झाला, कीं ही ओढ चौपट होऊन ६० किलोग्रॅमांवर जाते. परंतु मध्यभागांतून वर झेपावणारा पतंग स्थिर नसतो. तो स्वतःच वेगानें धांवूं लागतो आणि त्याला लागणारा वारा खऱ्या वाऱ्याहून पुष्कळ अधिक होतो. तो दुप्पट झाला तर ६० चे २४० होतात. इतका भार पेलण्यापूर्वींच मनुष्य पाण्यांतून उपटला जातो. शरीर अवाढव्य असलें तरी या हिशेबापुढें त्याचा उपयोग नाहीं.

या सर्व गोष्टी ध्यानांत घेऊन जाणता मनुष्य काय करतो, तें आतां क्रमानें पाहतां येईल. पतंग पडतांच तो प्रथम ओढाओढ करीत नाहीं. तो दांडा स्वतःपासून दूर सारतो आणि दोऱ्या पाहतो. एखादी दोरी हाताभोंवतीं, पायाभोंवतीं किंवा दांड्याच्या टोंकाभोंवतीं गुंतली आहे काय, आणि दांड्याची डावी बाजू डावीकडेच आहे काय, याची तो खात्री करून घेतो. दांडा उलटा धरला असला तर डावें उजवें होतें, व पतंग चढतांच पुन्हां कोसळतो. दोऱ्या सैल असतील तर तो पाठीकडे पोहून त्या ताठ करून घेतो.

नंतर तो बाजू निवडतो. पतंग आधींच एका अंगास कलला असेल तर ती बाजू सोपी. परंतु एका बाजूस खडक, होड्या किंवा पोहणारी मंडळी असतील, तर मोकळ्या समुद्राची बाजूच पत्करली पाहिजे. डावी बाजू ठरली, तर तो मागच्या दोन दोऱ्यांपैकीं डावी तेवढी हातानें ओढून धरतो. धरतो, हिसकत नाहीं. त्यामुळें पतंगाचें डावें टोंक पाण्यावर खिळतें आणि उजवें टोंक हळूहळू वर येऊं लागतें. उपडें सूप जणूं एका कानावर उभें राहतें. मग वारा त्या उभ्या पतंगास डावीकडे, नऊच्या आंकड्याकडे, पाण्यावरून सरकवीत नेतो.

येथें या विद्येचा कसोटीचा क्षण येतो, कारण या वेळीं करावयाचें कांहींच नसतें. पतंग सरकत आहे, कापडांतील पाणी निथळत आहे, आणि मनुष्यानें दोरी तशीच धरून थांबावयाचें आहे. नवशिक्यास वाटतें, आणखी ओढावें. किंवा वाटतें, हें जमत नाहीं, आतां दुसरी बाजू ओढावी. दोन्ही केल्यानें पतंग पुन्हां मध्यभागीं येऊन पडतो. जो थांबतो त्याचा पतंग कडेला पोंचतो, पाण्यापासून सुटतो आणि दोरीस किंचित् ताण जाणवतो. त्या ताणासरशीं दोरी सोडून द्यावयाची व दांडा हातीं घेऊन पतंगास कडेकडेनेंच, नवापासून बाराकडे, सावकाश चढवावयाचें. तो डोक्यावर स्थिर झाला म्हणजे मग निसटलेली फळी शोधावयाची. ती बहुधा वाऱ्याच्या दिशेकडे, मागें राहिलेली असते. म्हणून पतंग एका अंगास खालीं धरून, एक हात पाण्यांत सुकाणूसारखा ताठ ठेवून, नागमोडी मार्गानें शरीर ओढवीत तिच्यापर्यंत जावें लागतें.

जुन्या, खोल कमानीच्या पतंगांना उठविणें अवघड असे. दोऱ्या सैल व्हाव्यात म्हणून पतंगाच्या दिशेनें पोहत जाऊन तो उलटावा लागे. २००५ च्या सुमारास ब्रूनो लेगेन्यू यांचा अधिक सपाट, मागची कड आंत वळलेला पतंग प्रचारांत आला आणि एक दोरी ओढून धरण्याची वर सांगितलेली सोपी रीत सर्वांच्या आटोक्यांत आली.

याच रीतीचा उपयोग खेळाच्या आरंभींहि होतो. जेथें वाळूचा पट्टा अरुंद आहे, मागें झाडें आहेत आणि पतंग धरावयास सोबती नाहीं, तेथें कांहीं अनुभवी लोक पतंग फुगवून, दोऱ्या जोडून व तपासून उथळ पाण्यांत सोडतात. वारा त्यास वाहून नेतो, दोऱ्या उलगडत जाऊन ताठ होतात, आणि मग तो पडलेल्या पतंगाप्रमाणेंच कडेनें उठविला जातो. वाळूवर आपटण्यापेक्षां पाण्यावर पडणें बरें, हा त्यांतील लाभ आहे. परंतु दोऱ्यांच्या लांबीच्या कित्येक पट अंतर समोर मोकळें असलें पाहिजे, आणि वारा किनाऱ्याला समांतर वाहत असला पाहिजे. कोंकणच्या किनाऱ्यावर दुपारीं समुद्राकडून खारे वारे येतात व रात्रीं आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात, हें शाळेच्या भूगोलांतहि आहे. या खेळांत त्या धड्याचें मोल प्राणांइतकें आहे. मतलई वाऱ्यावर पाण्यांत उतरलेल्याचा पतंग उठला नाहीं, तर तोच वारा त्याला किनाऱ्यापासून दूर दूर नेत राहतो. तसेंच संध्याकाळीं खारा वारा मंदावला, कीं उत्तम पतंग व उत्तम हात असूनहि तो उठत नाहीं. उठविणारा वाराच उरलेला नसतो.

म्हणून जो पतंग उठवावयास शिकतो, त्यानें तो सोडावयासहि शिकलें पाहिजे. कमरपट्ट्यापाशीं एक कळ असते. ती दाबली कीं दांडा दूर निसटतो, पतंग एकाच दोरीवर राहून फडफडतो आणि त्याची ओढ जवळजवळ नाहींशी होते. ती दोरीहि धोक्याची झाली तर तीहि सोडण्याची सोय असते. दोरी हाताच्या बोटांभोंवतीं कधींच गुंडाळूं नये. ती दोन मिलिमीटरांहूनहि बारीक असते व ताण बसतांच बोट कापूं शकते. पतंग अजिबात उठत नाहींसें दिसलें, तर कळ दाबून ओढ गेल्यावर ती एकेरी दोरी आधीं दांड्यावर गुंडाळतात, मग राहिलेल्या दोऱ्या गुंडाळीत पतंगापर्यंत जातात, आणि फुगलेल्या नळीचा आधार घेऊन पतंगासच शिडासारखें धरून किनारा गांठतात. ज्यानें आपणांस ओढीत आणलें, तोच अशा वेळीं होडी होतो.

२०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथमच स्थान मिळालें. शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस व स्त्रियांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. तेथील पतंग हवेच्या नळ्यांचे नसून वाऱ्यानेंच फुगणाऱ्या कप्प्यांचे होते. तरी वाऱ्याची तबकडी तीच आणि तिचे नियमहि तेच. जगापुढें येते ती त्या पतंगांची भरारी. परंतु ज्यास हा खेळ एकट्यानें खेळावयाचा आहे, त्याची योग्यता तो किती उंच उडतो यावरून ठरत नाहीं. पतंग पाण्यांत पडल्यावर तो किती शांतपणें एक दोरी धरून थांबतो, आणि वेळ आली तर किती तत्परतेनें ती सोडतो, यावरून ती ठरते.