उसना धातू, घरचा प्रत्यय : ‘खरीदणे’चे उदाहरण

रायपूरमधल्या एखाद्या मराठी घरात ‘आम्ही घर खरीदलं’ हे वाक्य तुमच्या कानांवर पडले, असे समजा. पुण्याचा पाहुणा लगेच म्हणेल, “ही हिंदी झाली. ‘विकत घेतलं’ म्हणा.” त्याचे म्हणणे कितपत खरे आहे, ते पाहू.

नाम उसने घेणे सोपे असते. विभक्ती लावली की काम भागते. क्रियापदाला मात्र काळ, पुरुष, लिंग, वचन या साऱ्यांचे प्रत्यय पेलावे लागतात. म्हणून कित्येकदा परका शब्द नामासारखा ठेवून त्याला ‘करणे’ जोडतात : ‘कबूल करणे’, ‘फिकीर करणे’. कधी मात्र परका शब्दच धातू होतो. अरबी ‘बदल’वरून आपण ‘बदलणे’ केले, फारसीवरून ‘फर्मावणे’, ‘आजमावणे’ केले. कोणता शब्द कोणत्या वाटेने जाईल, हे भाषेगणिक वेगळे. आपल्याकडे ‘करणे’वाचून न चालणारी अरबी ‘फिकीर’ मलय भाषेत थेट धातू झाली. तिथे ‘फिकिर’ म्हणजे विचार करणे. जावानीजमध्ये त्याच शब्दाच्या आरंभी त्या भाषेच्या नियमाने ‘म’ येतो आणि ‘मिकिर’ हे क्रियापद होते.

आता ‘खरीदणे’. फारसी ‘खरीदन’ म्हणजे विकत घेणे. हिंदीने त्यातले ‘खरीद’ हे अंग धातू म्हणून घेतले आणि ‘खरीदना’ केले. प्रमाण मराठीने ‘खरेदी’ हे नाम घेऊन ‘करणे’ जोडले. छत्तीसगढीत यासाठी ‘बिसाना’ हा निराळाच शब्द आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, तोवर छत्तीसगढ त्यांच्याच अमलाखाली होता. इथल्या मराठीला हिंदी-छत्तीसगढीचा शेजार जुनाच आहे, तेव्हा हिंदीचा तयार धातू उचलला जाणे स्वाभाविक.

पण ‘खरीदलं’चा शेवट नीट पाहा. हिंदीत ‘घर’ पुल्लिंगी, म्हणून ‘घर खरीदा’. छत्तीसगढीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. ‘-लं’ हा नपुंसकलिंगी प्रत्यय या दोन्ही भाषांत नाही, तो मराठीचाच. म्हणजे धातू हिंदीतून आला, व्याकरण जागेवर राहिले. परीक्षेत ‘विकत घेतले’ लिहिणे शहाणपणाचे, कारण तो लेखनाचा संकेत आहे; पण रायपूरच्या विद्यार्थ्याला एवढ्यावरून ‘तुझी मराठी बिघडली’ म्हणणे अन्यायाचे. कोणी ‘आम्ही घर खरीदला’ म्हणू लागले, तर मात्र हिंदी धातूच्या पुढे सरकून लिंगव्यवस्थेत शिरली, असे समजा.