शेवगा : अंतराचा आणि खताचा एकच हिशेब

शेवग्याची लागवड शेतात होते तेव्हा उत्पादन एका झाडाच्या शेंगांवर नव्हे, तर हेक्टरवर मोजले जाते, आणि म्हणूनच दोन झाडांमधील अंतर व खताची मात्रा यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम येथील संशोधनातून पुढे आलेल्या पीकेएम-१ या बियांपासून लावल्या जाणाऱ्या वाणासाठी २.५ × २.५ मीटर अंतराची शिफारस आहे. त्यात प्रत्येक झाडाला सव्वासहा चौरस मीटर जागा मिळते आणि हेक्टरी १६०० झाडे बसतात. लागवडीनंतर तीन महिन्यांनी खड्ड्यामागे ४५ ग्रॅम नत्र, १५ ग्रॅम स्फुरद व ३० ग्रॅम पालाश आणि फुलोऱ्याच्या सुमारास पुन्हा ४५ ग्रॅम नत्र द्यावे, अशीही शिफारस आहे. हेक्टरी हे नत्र १४४ किलो भरते. मात्र अंतर दोन मीटरवर आणून खड्ड्यामागची मात्रा तशीच ठेवली, तर झाडे २५०० आणि नत्र २२५ किलो होते; खत वाढवण्याचा निर्णय घेतलेला नसतानाही ते वाढलेले असते.

ही वाढ शेंगांत उतरेलच असे नाही. झाडे दाट झाली की त्यांचे शेंडे एकमेकांवर सावली धरतात, खालच्या फांद्यांना प्रकाश कमी पडतो आणि झाड उंचीकडे धावते. त्यात नत्र जादा झाले, तर शाकीय वाढ, म्हणजे पाने व फांद्यांची वाढ, जोर धरते आणि फुलोरा मागे पडतो. रोप सुमारे पाऊण मीटर उंच झाल्यावर शेंडा खुडण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली, कारण फुटणाऱ्या बाजूच्या फांद्यांवरच पुढे फुले येतात. त्या फांद्यांना पसरायला जागा नसेल, तर खुडणीचा फायदाही अर्धवटच राहतो.

लांबलचक शेंगांमुळे शेवगा कडधान्यांच्या कुळातला, म्हणून हवेतील नत्र स्वतः मिळवणारा, असा समज अनेकांचा होतो. तो चुकीचा आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेवग्याचे नाते कोबी व पपई यांच्या गणाशी असून कडधान्यांप्रमाणे नत्र स्थिर करणाऱ्या गाठी त्याच्या मुळांवर नसतात, त्यामुळे जमिनीतून गेलेले नत्र शेणखताने वा रासायनिक खताने परत द्यावेच लागते.

पाल्यासाठीच्या लागवडीत हा हिशेब पुरता उलटतो. तेथे फुले नकोच असतात, म्हणून रोपे १० × १० सेंटिमीटर इतक्या दाटीनेही लावतात, म्हणजे हेक्टरी दहा लाख, आणि ती वारंवार कापतात. वाळलेल्या पानांत साधारण एक चतुर्थांश प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्राचा वाटा सुमारे सहावा असतो, त्यामुळे एक टन वाळलेला पाला शेतातून सुमारे ४० किलो नत्र घेऊन जातो.