मुलांना व्यक्तिचित्र शिकविताना

युरोपातील प्रबोधनकाळाची चित्रकला लहान मुलांना शिकवावी की नाही, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. लिओनार्दोच्या मोनालिसाचे चित्र मुलांनी शाळेत येण्यापूर्वीच कोठे तरी पाहिलेले असते. प्रश्न आहे तो ती कशी शिकवावी हा. हैदराबादेतील अंबरपेठेसारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. हे मूल घरात मराठी, गल्लीत तेलुगू व दखनी आणि शाळेत बहुधा इंग्रजी बोलते. त्याच्या आजोबांची भाषा आणि त्याच्या शहराचा इतिहास या दोहोंशी त्याचा संबंध अगोदरच थोडा सैल झालेला असतो. अशा मुलासमोर जगातील श्रेष्ठ चित्रे ठेवताना, ‘खरे चेहरे काढावयास माणूस इटलीत शिकला’ असा संस्कार नकळत झाला, तर आपण त्याला एक दालन उघडून देतो आणि दुसरे बंद करतो.

हा संस्कार होतो कसा, ते पाहिले पाहिजे. व्यक्तिचित्राचा इतिहास सामान्यतः एखाद्या शिडीसारखा सांगितला जातो. प्रथम चित्रकार माणसाचा चेहरा केवळ एका बाजूने काढीत. पुढे ते तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा काढू लागले. मग छायाप्रकाश आला, मग भाव आले, आणि कला प्रौढ झाली. इटलीपुरते पाहिले तर या कथेला आधार आहे. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याने उर्बिनोचा ड्यूक फेदेरिगो आणि त्याची पत्नी यांची चित्रे १४६५ ते १४७२ च्या सुमारास काढली. ती आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहेत. दोघेही पूर्ण बाजूने दिसतात, रोमन नाण्यावरील सम्राटांसारखे. ड्यूकचा उजवा डोळा द्वंद्वक्रीडेत गेला होता, म्हणून त्याची डावी बाजूच चित्रकाराने दाखविली. याच सुमारास फ्लँडर्समधील चित्रकारांच्या उदाहरणाने इटलीत वळलेल्या चेहऱ्याची रीत रुजू लागली होती. यान व्हान आयक याने तांबडे पागोटे घातलेल्या माणसाचे चित्र १४३३ सालीच काढलेले होते. लिओनार्दोने मोनालिसा रंगविण्यास १५०३ च्या सुमारास आरंभ केला, तोवर वळलेला चेहरा हाच चांगल्या व्यक्तिचित्राचा नमुना ठरला होता.

परंतु ही शिडी जगाला लावून पाहिली की ती टिकत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहावा. किंचित कललेली मान, तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा, खाली झुकलेल्या पापण्या. आणि हे चित्र पाचव्या शतकातले, म्हणजे लिओनार्दोच्या सुमारे हजार वर्षे आधीचे. पुढे पश्चिम भारतातील जैन पोथ्यांत, विशेषतः कल्पसूत्राच्या सचित्र प्रतींत, चेहरा वळलेलाच राहिला. पण पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर येऊन जणू अवकाशात तरंगू लागला. सोळाव्या शतकाच्या सुमारास हा पलीकडचा डोळा गळून पडला आणि शुद्ध बाजूचा चेहरा उरला. त्यानंतरच्या मोगल आणि दखनी दरबारी व्यक्तिचित्रांत बहुधा हाच बाजूचा चेहरा दिसतो. म्हणजे इटलीत ज्या दिशेने प्रवास झाला, त्याच्या बरोबर उलट दिशेने तो आपल्याकडे झाला. यांपैकी एकाला बाल्य आणि दुसऱ्याला प्रौढत्व म्हणणे निराधार आहे. बाजूचा चेहरा माणसाची ओळख आणि प्रतिष्ठा सांगतो. तो पाहणाऱ्याकडे लक्ष देत नाही, म्हणून राजाला शोभतो. वळलेला चेहरा पाहणाऱ्याशी संवाद करतो, म्हणून मनातील हालचाल त्यात उमटते. ही दोन निरनिराळ्या कामांसाठी केलेली निवड आहे. मुलांना शिकवावयाची मुख्य गोष्ट हीच, असे आमचे मत आहे.

आपल्या शास्त्रकारांना ही निवड पुरती ठाऊक होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात देह चित्रात मांडण्याची नऊ स्थाने सांगितली आहेत. सरळ समोरून दिसणाऱ्या ऋज्वागतापासून एका बाजूने दिसणाऱ्या पार्श्वागतापर्यंत सर्वांना तेथे सारखाच मान आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे हुबेहूब दिसणाऱ्या चित्राला ‘विद्ध’ असे नावच दिले आहे. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद संस्थानाच्या व पुढे राज्याच्या हद्दीत होते. हुबेहूबपणाची कल्पना मुलांना सांगताना आरंभ दूर इटलीतून करण्याची गरज नाही, ती शेजारच्या जिल्ह्यातूनही करता येते.

आता मराठी मुलाला सर्वांत जवळचा चेहरा कोणता, याचा विचार करू. तो शिवछत्रपतींचा. धारदार नाक, निमुळती दाढी, शिरोभूषण. हे रूप मूल डोळे मिटूनही सांगू शकते. परंतु हे रूप आपल्यापर्यंत कसे आले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. महाराज १६७७ साली कर्नाटकाच्या मोहिमेवर जाताना अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस भागानगरास, म्हणजे या हैदराबादेतच आले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेल्या राजपुरुषांच्या चित्रमालिका डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेल्या आणि त्यांत महाराजांचेही चित्र होते. निकोलास विट्सेन याच्या संग्रहातील अशी एक मालिका ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतील चित्र पुढे आणले, तेव्हा हा घोटाळा दूर झाला. व्यक्तिचित्र नीट पाहावयास शिकणे हे केवळ करमणुकीचे काम नाही, हे पटविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पाहणाराची नजर तयार नसेल, तर सारा समाज दुसऱ्याच चेहऱ्याला आपला राजा मानून बसतो.

एवढी भूमिका स्पष्ट झाल्यावर प्रत्यक्ष पाठाकडे वळू. सात ते दहा वर्षांच्या मुलांना प्रबोधनकाळाची व्याख्या सांगू नये. त्यांना दोन मुले दाखवावीत. पहिला आल्ब्रेख्ट ड्यूरर, न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा. त्याने १४८४ साली, तेरा वर्षांचा असताना, आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. ते चांदीच्या टोकाने काढलेले आहे, आणि अशी रेघ सहसा पुसता येत नाही. तरी हात डगमगलेला नाही. हे चित्र व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहात आहे. दुसरा अबुल हसन, जहांगीराच्या पदरी पुढे नावारूपास आलेला चित्रकार. त्याने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, याच ड्यूररच्या एका छापचित्रातील संत जॉनची आकृती उतरवून काढली. ती ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यानंतर हॉलंडमधील रेम्ब्रांटने मोगल चित्रांच्या वीसहून अधिक नकला केल्या. कोण कोणाचा गुरू, हे या हकीकतीत ठरविता येत नाही, आणि हेच मुलांना कळावयास हवे.

त्यानंतर रेखाटन. पहिला पाठ बाजूच्या चेहऱ्याचा असावा. तो खालच्या पायरीचा आहे म्हणून नव्हे, तर त्यात एकाच रेघेत ओळख पटते म्हणून. खोली अंधारी करून मुलाला भिंतीला समांतर बसवावे, एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस भिंतीवर कागद लावावा, आणि पडलेल्या सावलीची कड दुसऱ्या मुलाने पेन्सिलीने गिरवावी. नावे न लिहिता सर्व कागद एका ओळीत लावून कोणता चेहरा कोणाचा हे वर्गास ओळखावयास सांगावे. कपाळ, नाक, ओठ व हनुवटी यांची एक रेघ माणसाला माणसापासून वेगळे करते, हे मुलांना तेथे आपोआप उमगते. उर्बिनोचा ड्यूक आणि गोवळकोंड्याचा सुलतान ही दोन्ही चित्रे यानंतर शेजारी शेजारी दाखवावीत.

दुसरा पाठ मापाचा. मुले बहुधा डोळे कपाळाच्या जागी काढतात, कारण चेहऱ्यात त्यांना डोळे-नाक-तोंडच महत्त्वाचे वाटते आणि डोक्याचा वरचा भाग ती विसरतात. जोडीदाराच्या डोक्याच्या शिखरापासून हनुवटीपर्यंत पेन्सिल धरून मोजावयास सांगितले, की डोळे जवळजवळ मध्यावर येतात हे त्यांचे त्यांनाच सापडते. समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी भरते आणि कानाची उंची भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतच्या उंचीशी जुळते, हेही त्यांनी मोजून पाहावे. ही मापे नियम म्हणून फळ्यावर लिहू नयेत. प्रत्येक चेहरा मापाला थोडा चुकवितो, आणि तो जेथे चुकवितो तेथेच त्या माणसाची खूण असते.

तिसरा पाठ वळलेल्या चेहऱ्याचा. येथे आरसा हवा. मुलाने सरळ पाहावे, मग हळूहळू मान वळवावी आणि पलीकडचा कान केव्हा दिसेनासा झाला, पलीकडचा डोळा केव्हा अरुंद झाला, नाकाची कड गालाच्या रेषेला केव्हा भिडली, हे मोठ्याने सांगावे. या वेळी जैन पोथीतील तो तरंगणारा डोळा दाखविला तर मुले हसतील, हसू द्यावे. मात्र लगेच विचारावे, की चित्रकाराने तो का ठेवला असेल? एकाही डोळ्याशिवाय माणूस अपुरा वाटतो, असे एखादे मूल सांगेल, आणि ते उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

चौथा पाठ शब्दांचा आहे, आणि साहित्याशी संबंध असलेल्या वाचकांचे लक्ष आम्ही मुख्यतः त्याकडे वेधू इच्छितो. लिओनार्दोने आपल्या टिपणांत बाजूने दिसणाऱ्या नाकांचे दहा प्रकार नोंदवून ठेवले होते, कारण नाव दिल्याखेरीज नाक लक्षात राहात नाही. आपल्या भाषेत ही नावे तयारच आहेत: चाफेकळीसारखे, सरळ, तरतरीत, अपरे, बसके, फेंदारलेले, पोपटाच्या चोचीसारखे. डोळे टपोरे, पाणीदार, घारे, मिचमिचे किंवा खोल गेलेले असतात. कपाळ भव्य किंवा अरुंद असते. गालांवर खळी पडते किंवा गालफडे बसलेली असतात. अंबरपेठेतील मराठी मुलाला यांपैकी कित्येक शब्द घरात ऐकावयास मिळत नाहीत. घरातील रोजचे बोलणे कामापुरते उरले, की सर्वांत आधी विशेषणे झडतात. चित्रकलेचा तास ही विशेषणे परत आणू शकतो, कारण तेथे मुलाला त्यांची खरोखरच गरज पडते. आजीसमोर बसून तिचा चेहरा काढावयाचा आणि प्रत्येक अवयवाला तिलाच शब्द विचारावयाचा, एवढा गृहपाठ दिला तरी पुरे. मात्र शब्द वर्णनाचा आहे, हिणविण्याचा नाही, ही शिस्त शिक्षकाने आरंभापासून राखली पाहिजे. गिर्लांदाइओ याने १४९० च्या सुमारास काढलेले वृद्ध आजोबा व नातू यांचे चित्र येथे उपयोगी पडते. आजोबांच्या नाकावर गाठी आल्या आहेत, चित्रकाराने त्यांतली एकही लपविलेली नाही. आणि नातू त्यांच्या छातीवर हात ठेवून त्या चेहऱ्याकडे प्रेमाने पाहात आहे. कुरूप आणि प्रिय हे शब्द एकाच चेहऱ्याला लागू शकतात, हे या चित्राइतके सोपे करून दुसरे कोणते सांगेल?

शेवटी, पुस्तकातील छापील चित्रांवरच थांबू नये. अंबरपेठ मुशीच्या काठी आहे आणि त्याच नदीच्या काठी, थोडे वर, सालारजंग संग्रहालय आहे. तिसऱ्या सालारजंगांचा हा संग्रह १९५१ मध्ये लोकांसाठी खुला झाला व १९६८ मध्ये सध्याच्या इमारतीत आला. तेथील बुरखा घेतलेली रिबेका पाहावयास सर्वच जातात. ती इटालियन शिल्पकार बेन्झोनी याची असली, तरी १८७६ सालची आहे. प्रबोधनकाळाची नव्हे, हे शिक्षकाने स्पष्ट सांगावे. संगमरवरातून झिरझिरीत वस्त्र आणि त्यामागचा चेहरा कसा भासतो, हे पाहण्यासाठी मात्र ती अवश्य दाखवावी. बागे-आममधील राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास अजिंठ्याची चित्रे जपण्यासाठी आणविले होते, ही हकीकत त्या प्रतिकृतींसमोर उभे राहूनच सांगावी. इटलीची भित्तिचित्रे ज्यांनी सांभाळली, त्यांचेच हात पद्मपाणीच्या भिंतीला लागले, हे ऐकल्यावर मुलांच्या मनात दोन देशांच्या कलांची तुलना राहात नाही. त्यांची ओळख राहते.

एवढे सारे करण्यास वेळ कोठून आणावा, असे शिक्षक विचारतील. आमचे उत्तर असे, की वर्षभरात चार पाठ आणि एक सहल यांहून अधिक काही यात नाही. त्यातून प्रत्येक मूल चित्रकार होईल, अशी आमची अपेक्षा नाही. त्याने एकदा कोणाच्या तरी चेहऱ्याकडे पुरते अर्धा तास पाहिलेले असेल, आणि जे पाहिले ते सांगण्यास त्याच्यापाशी स्वतःच्या भाषेतले दहा शब्द असतील. या वयात एवढे पुरेसे आहे.