खोडकर बायकोची गोष्ट

अजीम बेग चुगताईंची 'शरीर बीवी' आम्ही आजही हसत हसत वाचतो. इथे मराठीतलं शरीर विसरायचं. उर्दूत शरीर म्हणजे खोडकर! नवरा-बायकोचं प्रेम, थट्टा, फजिती, बस्स. अशा पुस्तकांनी मुली बिघडतात, असं काही घरांत थोरली माणसं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. इस्मत चुगताईंचे हे थोरले भाऊ जन्मभर आजारी, क्षयाने खंगलेले. खोकत खोकत त्यांनी लोकांना हसवलं. १९४१ मध्ये ते गेले. इस्मतआपांनी त्यांच्यावर 'दोजखी' लिहिलं, ते मात्र डोळे ओले करतं.

आमच्याकडे रात्री जेवणानंतर एकजण मोठ्याने वाचतो. सासूबाई ओढणी तोंडाला लावून हसतात, आणि पान उलटायला उशीर झाला की त्याच ओरडतात.