लोखंडाचा अणू नेमका बसलाय कुठे?

बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक काढा आणि मानवतच्या आसपासच्या एखाद्या ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा. बारीक काळेभोर कण त्याला येऊन चिकटतील. हे टायटॅनोमॅग्नेटाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला, तेव्हा त्या दगडातच हे कण तयार झाले. आता चुंबकाने न उचललेली वाळू बघा. त्यातल्या कितीतरी कणांत लोखंड आहेच की! गेरू तर लोखंडामुळेच तांबडा. मग ते का नाही चिकटले?

लोखंड किती आहे, एवढ्यावर हे ठरत नाही. ते कुठे बसलंय, हा खरा मुद्दा.

शुद्ध मॅग्नेटाइट घेऊ. त्याच्या स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा एक नॅनोमीटरहूनही लहान. त्यात ऑक्सिजनचे 32 अणू आणि लोखंडाचे 24. यातले 8 लोखंडी अणू चार-चार ऑक्सिजनांच्या मधल्या तंग जागेत बसतात, उरलेले 16 सहा-सहा ऑक्सिजनांच्या मधल्या जरा ऐसपैस जागेत. आणि गंमत अशी, की या दोन गटांचं चुंबकत्व एकमेकांच्या अगदी उलट दिशेला असतं! लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1948 मध्ये हे उलगडून सांगितलं. म्हणजे तुमच्या हातातल्या चुंबकाला ओढ जाणवते ती बेरजेची नव्हे, वजाबाकीची. (तो स्पीकरचा काळा चुंबक स्वतःही बहुतेक लोखंडाचं ऑक्साइडच असतो, आणि त्यात लोखंडाला बसायला दोन नाही, पाच तऱ्हेच्या जागा!)

दख्खनच्या दगडातल्या याच काळ्या कणांनी निवता निवता पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा पकडून ठेवली. 1956 मध्ये दख्खनच्या दगडांतली ती दिशा मोजली गेली, आणि लाव्हा वाहत होता तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असं त्यातून निघालं. केवढ्याशा कणाची साक्ष ही!

पण अणू कुठल्या जागी बसलाय हे बघायचं कसं? क्ष-किरणांचं नेहमीचं तंत्र स्फटिकाची रचना सांगतं, पण लोखंड आणि कोबाल्ट शेजारी आले की गडबडतं. एकाकडे 26 इलेक्ट्रॉन, दुसऱ्याकडे 27. एकाच्या फरकावरून ओळख कशी पटावी?

इथे क्ष-किरण शोषण वर्णपटशास्त्र कामाला येतं. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची आणि नमुना किती किरण गिळतो ते मोजत राहायचं. 7112 इलेक्ट्रॉन-व्होल्टला पोचलात की लोखंड एकदम जास्त किरण गिळू लागतं, कारण त्याच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडण्याइतकी ऊर्जा तिथे मिळते. कोबाल्टचा आकडा 7709, जस्ताचा 9659. आता गल्लत होईलच कशी?

खरी कमाल पुढे आहे. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटतो आणि त्याचा काही भाग परत येतो. जुन्या बारवेत हाक मारली की भिंतींवरून आपलाच आवाज परततो, तसं. परतलेली लाट मूळ लाटेला कधी जोर देते, कधी मारते, आणि आलेखावर बारीक चढउतार उमटतात. हे सगळं आटोपतं किती वेळात? सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याच्या आसपास.

हे चढउतार 1920 पासून दिसत होते. भौतिकशास्त्रज्ञ क्रोनिगने 1931 मध्ये त्यांची उपपत्ती मांडली, मग कित्येक वर्षं वाद चालले. 1971 मध्ये सेयर्स, स्टर्न आणि बोइंग कंपनीत काम करणारा लायटल या तिघांनी त्यांना फूरियरचं गणित लावलं, आणि त्यातून थेट शेजाऱ्यांची अंतरं बाहेर पडली! मॅग्नेटाइटमध्ये तंग जागेतला ऑक्सिजन लोखंडापासून सुमारे 0.189 नॅनोमीटरवर, ऐसपैस जागेतला 0.206 वर. एवढासा फरकही हे तंत्र पकडू शकतं. शिवाय मुख्य उडीच्या थोडं आधी एक छोटा उंचवटा येतो. तंग जागेतल्या लोखंडाचा तो ठळक असतो.

अर्थात जादू नव्हे ही. उत्तर मिळतं ते नमुन्यातल्या सगळ्या लोखंडी अणूंचं सरासरी. दोन्ही जागी लोखंड असेल तर वाटणी किती, हे सोडवताना चांगलाच घाम फुटतो.

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना. पॅरिसला ईव्हेत कोश्वा यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले चिंतामणी मांडे यांनी नागपूर विद्यापीठात क्ष-किरण वर्णपटांचा अभ्यास रुजवला. कोश्वांच्या गौरवार्थ 1982 मध्ये निघालेल्या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी ते एक. आज अशा मोजमापांसाठी आपले संशोधक इंदूरला राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-2 या यंत्राकडे जातात. त्याच्या 172 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात.

मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत फेराइट, म्हणजे लोखंडाचं इतर धातूंसह बनलेलं ऑक्साइड, हा शब्द रोजचा. त्यातलंच झिंक फेराइट बघा. एरवी जस्त तंग जागा धरून बसतं, आणि नेहमीच्या तापमानाला ही पावडर चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण तिचे कण काही नॅनोमीटरचे केले की ती चक्क चुंबकाकडे ओढली जाते! शोषणाचा आलेख काढल्यावर कळलं, की थोडं जस्त सहा ऑक्सिजनांच्या जागेत शिरलंय आणि तितकंच लोखंड चारांच्या जागेत. तीच पावडर भट्टीत चांगली तापवा: कण मोठे होतात, जस्त आपल्या जागी परततं आणि आलेलं चुंबकत्व ओसरतं.